पहिल्या फाईलचे माप

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या आरंभी ते लिहायचे असतात म्हणून लिहिले आहेत. त्यातून अधिक अर्थ काढू नकोस. येथे सर्व ठीक. आईचा गुडघा आता बऱ्यापैकी वळतो. काल ती जिना चढून तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे एकटी जाऊन आली, आणि आल्यावर माझ्या नव्या पडद्यांची शिवण कशी ओढली गेली आहे यावर तिने मला पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. तुझ्याकडेही सर्व ठीक असावे. सक्तीच्या रजेवर बसवलेल्या माणसाला ‘ठीक’ हा शब्द लागू होत असेल तर.

तुझी चिठ्ठी मिळाली. ना तारीख, ना मायना. वहीतून ओढून काढलेला कागद, त्याच्या कडेला फाटक्या झालरी, आणि दोन ओळी: “ताई, त्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन तू काय म्हणालीस, ते चौकशी समितीला तूच सांग. मी सांगणार नाही.” तुला अक्षर गिरवायला मी शिकवले. ते श्रम कुठे गेले, हे पाहून वाईट वाटले. बाकी कशाचे वाटले नाही.

चौकशी संपेपर्यंत आपण दोघींनी कार्यालयाच्या मेलवरून किंवा फोनवर बोलायचे नाही, असे विभागप्रमुखांनी बजावले आहे. (तुझे ‘इस्त्रीवाले’. त्यांच्या बाह्यांची घडी चौकशीच्या दिवशीही मोडली नव्हती, हे तुला कळवते, तेवढीच करमणूक.) कागदाबद्दल ते काही बोलले नाहीत. म्हणून हे पत्र.

माझी साक्ष सोमवारी झाली. समितीत तिघे आहेत: इस्त्रीवाले, औषधचाचणीत रुग्णांना झालेल्या त्रासांवर ‘किरकोळ’ की ‘गंभीर’ अशी खूण करणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि बाहेरून आणलेले एक वकील, ज्यांना डेटासेट म्हणजे काय हे माझ्याकडूनच प्रथम कळले. त्यांना मी बालवाडीच्या पातळीवर येऊन समजावले. प्रत्येक रुग्णाची एक ओळ असते, प्रत्येक माहितीचा एक रकाना असतो. मजकुराच्या रकान्याला लांबी द्यावी लागते. किती अक्षरे मावतील ते आधी ठरवावे लागते. लोक आळसाने सगळ्या रकान्यांना दोनशे देऊन मोकळे होतात, फाईल पोकळ फुगते आणि नियामक मंडळ ती परत पाठवते. म्हणून मी एक मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेली आज्ञावली, नाव घेतले की ती सगळे काम आपण होऊन करते. माझा मॅक्रो डेटासेटमधला प्रत्येक रकाना चाळतो, त्यातला सर्वांत लांब मजकूर शोधतो आणि रकाना तेवढाच ठेवतो. एक अक्षर जास्त नाही.

“आणि एक अक्षर कमी?” वकिलांनी विचारले.

“तसे होत नाही,” मी म्हटले.

“पण झालं ना, बाई. म्हणून तर आपण बसलोय.” मग चष्मा काढून ते म्हणाले, “मला अडाण्याला एवढंच सांगा. पहिल्या पाच केंद्रांची फाईल आली, तिच्यावर माप घेतलं. सहाव्या केंद्राची फाईल महिन्याने आली, ती त्याच मापात घातली. म्हणजे माप पहिल्या गिऱ्हाईकाचं आणि कपडे सगळ्या गावाचे बेतले. असंच ना?”

डॉक्टरीणबाई हसल्या. शिवणकाम करून दोन मुली वाढवणाऱ्या बाईच्या लेकीला हे ऐकून घ्यावे लागले. मी उत्तरादाखल एवढेच म्हटले की उपमा ढोबळ आहे.

आता तुझ्याविषयी. आपल्या विभागाचा नियम तुला पाठ असायला हवा, कारण तो मीच लिहिला. एकीने प्रोग्राम लिहायचा. दुसरीने पहिलीचा न पाहता, त्याच कामाचा, स्वतःच्या डोक्याने दुसरा लिहायचा. मग दोन्ही निकाल यंत्राने ताडून पाहायचे. फरक शून्य आला तरच फाईल पुढे जाते. पहिला प्रोग्राम माझा होता, दुसरा तुझा. फरक शून्य आला. का आला? कारण तू स्वतःचे काहीच लिहिले नाहीस. रकान्यांची लांबी शोधायला तू माझाच मॅक्रो बोलावलास. एकाच साच्यातून दोनदा काढलेली वस्तू सारखीच निघणार, तिला तपासणी म्हणत नाहीत. समितीपुढे मी एकच वाक्य लेखी दिले आहे: ‘दुसऱ्या प्रोग्रामरने नियमाप्रमाणे स्वतंत्र प्रोग्राम वापरला नाही.’ त्यातला एक शब्द खोटा असेल तर दाखव.

सव्वीस तारखेला निर्णय आहे. तो तुझ्या विरुद्ध गेला तर पुन्हा कोणत्याही औषधचाचणीच्या आकड्यांना तुला हात लावता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. ते सुचवण्यासाठी फाटक्या कागदाची गरज नव्हती.

आई विचारत होती, भिंगरी या महिन्यात आली नाही. कामात आहे म्हणून सांगितले.

तुझी थोरली बहीण, आणि अद्याप तुझी वरिष्ठ


१८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. आईची प्रकृती उत्तम. पडदे तिने उसवून पुन्हा शिवायला घेतले आहेत.

तुझ्याकडून उत्तर नाही. गप्प बसणे हा तुझा लहानपणापासूनचा डावपेच आहे. दौत तू सांडायचीस, आणि विचारले की अशी काही गप्प बसायचीस की शेवटी सांडली मीच असे मलाच वाटू लागे. त्या डावपेचाला मी आता बळी पडणार नाही.

हे पत्र एका कारणाने लिहीत आहे. तू काही लिहिलेच नव्हतेस, हे समितीला पुराव्यानिशी दाखवावे, म्हणून काल मी विभागाच्या राखीव प्रतींमध्ये शोध घेतला. आपल्या सर्व्हरवर रोजची प्रत ठेवली जाते, हे तू विसरली असशील. मी विसरत नाही. तुझ्या फोल्डरमध्ये, तू माझा मॅक्रो वापरायला लागण्याच्या आदल्या दिवसाच्या प्रतीत, एक प्रोग्राम सापडला. नाव ‘लांबी_भिंगरी_३’. कार्यालयाच्या कामाला घरचे नाव देणारी व्यक्ती आपल्या घराण्यात निपजावी, याचा खेद नोंदवून पुढे जाते.

म्हणजे तू लिहिला होतास. तीनदा लिहिला होतास. मग दुसऱ्या दिवशी तो फोल्डरमधून गेला कुठे? स्वतःच्या हाताने पुसलास. याचा अर्थ तुझा अपराध मी समजले होते त्याहून मोठा आहे. जिने लिहिलेच नाही ती आळशी म्हणायची. जिने लिहून, हाती धरून, पुसून टाकले तिला काय म्हणायचे? त्रेचाळीस वर्षांची बाई आहेस. ज्या कामावर तुझी सही जाणार त्यासाठी पाय रोवून उभे राहता येत नसेल तर या धंद्यात आलीस कशाला? मी आणले म्हणून? मी तुला कामाला आणले, कणा काही उसना दिला नव्हता.

प्रोग्राम मी वाचला. गबाळा आहे. रकान्यांची नावे हाताने लिहिली आहेत. जे काम मी अकरा ओळींत करते, त्याला तू चौऱ्याण्णव ओळी खर्च केल्या आहेस. मधेच टिपण आहे: ‘इथे ताई ओरडेल’. तो चालवून पाहण्याची मला आवश्यकता वाटली नाही.

डॉक्टरीणबाईंनी आज जेवणाच्या सुट्टीत मला गाठले. त्यांच्या हातात सहाव्या केंद्रातल्या रुग्णांच्या त्रासाच्या मूळ टिपणांचा कागद होता. माझ्या डब्याशेजारी तो ठेवून त्या म्हणाल्या, “तुम्ही हे मूळ वाचलंय का कधी? की फक्त मोजलंय?”

मी म्हटले की टिपणे वाचणे हे माझ्या कामाच्या कक्षेत येत नाही.

“माझ्या येतं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या फाईलमध्ये शेवट होता, ‘चक्कर आली व’. त्या ‘व’च्या पुढे काय, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. किरकोळ त्रास म्हणून खूण केली आणि पान उलटलं. अकरा जणांना अशीच खूण केली. मी समितीत हे सांगितलं, सगळ्यांसमोर. आता तुमचं तुम्ही बघा.”

कागद त्यांनी तिथेच सोडला. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आहे. टेबलावर कागद पडलेले मला चालत नाहीत.

तू तो प्रोग्राम का पुसलास, याचे उत्तर मला हवे आहे. लेखी, तारखेसह, धड कागदावर.

ताई


२२ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझे उत्तर आले. धड कागदावर, तारखेसह, आज्ञापालनाबद्दल आभार. “प्रोग्राम सापडला ना? चालवून बघ. मग बोल.” मी एवढे लिहिले आणि तू एवढेच.

आज रविवार. कार्यालयात पहारेकरी आणि मी. सकाळी नऊला जाऊन मी तो चालवला.

आधी त्याचे दोष लिहिते, कारण ते आहेत. चार ठिकाणी तू एकच गोष्ट दोनदा मोजली आहेस. समासांना शिस्त नाही. सहाही केंद्रांच्या फाईली आधी एकाखाली एक जोडायच्या आणि मग लांबी मोजायची, हा मार्ग खर्चिक आहे, यंत्राला जड जातो, आणि शिकाऊ मुलांनाही सुचतो. त्रासाच्या टिपणांच्या रकान्यासमोर तुझ्या प्रोग्रामने आकडा दिला एकशे सत्त्याऐंशी. माझ्या मॅक्रोने दिला होता ब्याण्णव.

तुझा प्रोग्राम कुरूप आहे आणि बरोबर आहे.

मग मी डॉक्टरीणबाईंचा कागद पर्समधून काढून वाचला. चार दिवस तो तिथे होता. ‘व’च्या पुढे असे आहे: ‘जिन्यावरून कोसळल्या, शुद्धीवर नव्हत्या, मांडीचे हाड मोडले.’ निवृत्त शिक्षिका, वय बासष्ट. त्या केंद्रातल्या परिचारिकेने आपण होऊन फोन केला नसता, ‘आमच्या बाईंना तुम्ही किरकोळ कसं म्हणता?’ असे भांडून विचारले नसते, तर पुढच्या फेरीत गोळीची मात्रा वाढणारच होती. कागदपत्र तयार होते. त्यांवर माझी सही होती.

आता त्या दिवसाविषयी.

गुरुवार होता. तू दोन निकाल घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आलीस आणि म्हणालीस, “ताई, माझं माप तुझ्यापेक्षा मोठं येतंय.” मी मान वर केली नाही. तू परत गेलीस. पाच मिनिटांनी मीच उठून तुझ्या टेबलापाशी आले. शेजारच्या टेबलावरच्या दोघी ऐकत होत्या, हे मला ठाऊक होते. किंबहुना त्या ऐकत आहेत म्हणूनच मी आवाज चढवला.

“कशानं मोजलंस? या कागदाच्या बोळ्यानं?”

“मी सगळ्या फाईली जोडून मोजलं. तू बहुतेक पहिलीच...”

“बहुतेक? वीस वर्षं हा मॅक्रो चालतोय, भिंगरे. तेव्हा तू परीक्षेत नापास होऊन घरी रडत होतीस.”

“ताई, एकदा बघ तरी.”

“हे टाकून दे. माझा वापर. फरक शून्य आला पाहिजे, मला दुपारच्या आत फाईल पाठवायची आहे.”

आणि तू हसलीस. तू म्हणालीस, “मग तपासणी कोणाची, ताई?” त्या दोघी फिदीफिदी हसल्या. त्यानंतर मी जे म्हटले ते तू समितीला सांगायला तयार नाहीस, आणि का, ते मला आता कळते. तुलाच ते पुन्हा उच्चारावेसे वाटत नसेल. मी म्हटले, “माझी तपासणी करायला तुला इथे ठेवलेलंच नाही. आईनं गळ घातली म्हणून ठेवलंय.”

ते खोटे होते. आईने गळ घातली नव्हती. तुझी निवड परीक्षेतून झाली, उत्तरपत्रिका मी तपासली होती, आणि तुला माझ्या अपेक्षेपेक्षा सात गुण जास्त मिळाले म्हणून मी ती दुसऱ्यांदा तपासली होती.

आणखी एक गोष्ट आहे. ती तुलाही ठाऊक नाही. कमी-जास्त लांबीचे रकाने एकत्र आले की प्रणाली स्वतःच इशारा देते. नोंदवहीत एक ओळ उमटते: लांबी वेगवेगळी आहे, मजकूर कापला जाऊ शकतो. ती ओळ उमटली असती तर तुझ्या प्रोग्रामचीही गरज नव्हती. ती उमटली नाही, कारण माझ्या मॅक्रोच्या तिसऱ्या ओळीत मी तो इशारा बंद करून ठेवला आहे. का? माझ्या कामाच्या नोंदवहीत इशारा दिसलेला मला खपत नाही, म्हणून. स्वच्छ दिसावे म्हणून. वीस वर्षे सगळे म्हणत आले, बाईंच्या कामात एकही इशारा निघत नाही, आणि मी ते ऐकून घेत आले.

आज दुपारी घरी आले तेव्हा आई पडद्याच्या शिवणीत दोन बोटे कापड आत दुमडत होती. मी म्हटले, “एवढं आत कशाला ठेवतेस? फुगीर दिसतं.” ती म्हणाली, “पडदा आटला तर सोडायला नको? तुला आठवतं का गं, धाकटीचा शाळेचा फ्रॉक? मी आत ठेवलेलं कापड तू कात्रीनं साफ कापून टाकलंस, नीटनेटकं दिसावं म्हणून. पुढच्या वर्षी पोर वाढली आणि फ्रॉक सोडता येईना. वर्षभर तिनं तो तसाच, काखेत काचत घातला. बोलली नाही कार्टी.”

मला आठवत नव्हते. मी तसे तिला सांगितलेही. तिने माझ्याकडे पाहिले आणि सुईत दोरा ओवायला दिला.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, हे स्पष्ट करते. त्या गुरुवारी तू माझ्या अंगावर ओरडायला हवे होतेस. कागद माझ्या तोंडावर फेकायला हवा होतास. इस्त्रीवाल्यांच्या खोलीत जाऊन उभे राहायला हवे होतेस. तू प्रोग्राम पुसलास आणि मुकाट्याने माझा बोलावलास, आणि सहाव्या केंद्रातल्या त्या बाईंचा विचार तूही केला नाहीस. काखेत काचत होते तर सांगायचे होतेस. हे मी तुला माफ करत नाही, आणि तू मला माफ करावेस अशी विनंतीही करत नाही. तसली देवाणघेवाण मला जमत नाही.

समितीला मी लेखी दिलेल्या वाक्यात एक शब्दही खोटा नाही, असे तुला लिहिले होते. ते खरेच आहे. ते वाक्य मी जिथे संपवले, त्याच्या पुढे ‘कारण’ होते. ते मी कापले, आणि स्वच्छ दिसते म्हणून खूश झाले.

उद्या सकाळी नवा जबाब देणार आहे. मॅक्रो माझा. माप पहिल्या फाईलवर घेण्याचा निर्णय माझा. इशारा बंद केला तो मी. दुसऱ्या प्रोग्रामरने लिहिलेला स्वतंत्र प्रोग्राम बरोबर होता आणि तो माझ्या तोंडी आज्ञेवरून टाकण्यात आला. आज्ञा देताना मी काय बोलले ते शब्दशः, आईविषयीच्या वाक्यासह. त्या दोघी साक्षीला आहेत. त्यांना मी आज फोन करून सांगितले की मला वाचवू नका. एकीने फोन ठेवताना “बरं झालं” म्हटले. काय बरे झाले ते मी विचारले नाही.

यानंतर माझे काय होईल ते उघड आहे. टेबल मी आजच आवरले. चौदा वह्या, एक चष्मा, तू दिलेला तो भिकार पेनस्टँड. तुझा प्रोग्राम राखीव प्रतीतून काढून समितीच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. नाव बदलले नाही. ‘इथे ताई ओरडेल’ हे टिपणही तसेच आहे.

सोबतच्या बंद लिफाफ्यात माझ्या जबाबाची प्रत आहे. तो आत्ता उघडू नकोस. आधी त्या गुरुवारचा तुझा जबाब लिही: स्वतःच्या डोक्याने, माझा एकही शब्द न घेता, तुझ्या त्या गबाळ्या अक्षरात. चौऱ्याण्णव ओळी लागल्या तरी चालतील. मग माझा उघड आणि दोन्ही ओळीला ओळ लावून ताडून पाहा.

फरक निघाला, तर समितीला तुझा दे.

ताई